लक्ष्मीबाई टिळक : सावकाश शिकलेली क्षमा

राखेचा बुधवार आला की आमच्या मंडळीत उपवासकाळ सुरू होतो. रविवार वगळून मोजलेले हे चाळीस दिवस ईस्टरच्या आदल्या दिवशी पुरे होतात. या दिवसांत कोणी गोड सोडतो, कोणी मांसाहार वर्ज्य करतो, कोणी चहाचा एक पेला कमी करून तेवढे पैसे दानपेटीत टाकतो. हे सर्व चांगलेच आहे. परंतु एक गोष्ट आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. ज्यास गुळाचा खडा सोडणे सहज साधते, त्यास मनातली अढी सोडणे साधत नाही. धुऱ्याच्या वादावरून कित्येक वर्षे अबोला धरलेले दोन कास्तकार उपासनेच्या वेळी एकाच बाकाच्या दोन टोकांस बसतात आणि एकच प्रार्थना म्हणतात. त्या प्रार्थनेत तर आपण इतरांस जितकी क्षमा करतो तितकीच आपणांस मिळावी असे मागणे असते! मागणाऱ्याने हे मागणे नीट ध्यानात घेतले, तर त्याची जीभ क्षणभर अडखळल्यावाचून राहणार नाही.

क्षमा करावी, हे सांगणे सोपे आहे. ती कशी करावी, किती दिवसांत साधते आणि करताना मनाची काय अवस्था होते, हे मात्र कोणाच्या तरी प्रत्यक्ष आयुष्यात पाहावे लागते. म्हणून या वर्षी आमच्या बालवाचकांपुढे व त्यांच्या आईबापांपुढे आम्ही एका स्त्रीचे चरित्र ठेवीत आहोत. त्या स्त्रीचे नाव लक्ष्मीबाई टिळक.

आपल्या शेलूबाजारवरून समृद्धी महामार्ग जातो. त्या रस्त्याने पूर्वेस गेले म्हणजे नागपूर लागते. पश्चिमेस गेले म्हणजे शिर्डी येते, आणि पुढे नाशिक जिल्हा. शिर्डीपासून राहुरी काही फार दूर नाही. लक्ष्मीबाईंच्या संसाराची फाटाफूट जेथून सुरू झाली ते नागपूर या रस्त्याच्या एका अंगास आहे. जेथे तो संसार पुन्हा जुळला तो नगर जिल्हा आणि जेथे त्या जन्मल्या तो नाशिक जिल्हा दुसऱ्या अंगास आहे. आज मोटारीने एका दिवसात होणारा हा प्रवास त्यांस मनाने करावयास कित्येक वर्षे लागली. ती हकीकत अशी.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूर येथे गोखल्यांच्या घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. घरावर एका भयंकर आठवणीची छाया होती. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांस फाशी झाली होती. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर विलक्षण परिणाम झाला व त्यांस सोवळ्याचे वेडच लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यावयाची नाही, ही त्यांची शिस्त. मग ते धान्य असो वा पाण्यात विरघळणारे मीठ असो! पोरीबाळींनी कोणास शिवावे व कोणास शिवू नये, यावर डोळ्यांत तेल घालून पहारा असे. मुलींस शाळेत घालण्याची तर गोष्टच नको. अशा घरात वाढलेल्या मुलीच्या मनात दुसऱ्याच्या स्पर्शाविषयी केवढी भीती मुरली असेल, याची कल्पना करावी. ही भीती पुढे या कथेत महत्त्वाची ठरणार आहे.

वयाच्या अकराव्या वर्षी मनकर्णिकेचे लग्न झाले व ती लक्ष्मी झाली. पती नारायण वामन टिळक हे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेले. बाळपणीच आई गेली. वडील अत्यंत कडक. नारायण घर सोडून नाशिकास आला आणि तेथे कष्टाने संस्कृत शिकला. पुढे मराठीत फुलांमुलांचे कवी म्हणून ज्यांची ख्याती झाली, ते हेच टिळक. बुद्धी तेजस्वी, अंतःकरण लोण्यासारखे, पण स्वभाव तापट आणि लहरी. एका गावी, एका नोकरीत त्यांचे चित्त स्थिर होत नसे. हाती आलेला पैसा गरजवंताच्या हाती जावयास वेळ लागत नसे, आणि घरसामान आणावयास निघालेले गृहस्थ कधी भलतीच सुंदर पण निरुपयोगी वस्तू घेऊन परत येत. रागाच्या भरात घर सोडून जावे आणि राग ओसरताच पश्चात्ताप पावून परत यावे, असेही वारंवार होई. लक्ष्मीबाई काही मुकाट्याने सोसणाऱ्या नव्हत्या. त्यांस बोलता येत असे, भांडता येत असे आणि भांडण चालू असतानाच हसता येत असे. अक्षरओळख त्यांस पतीनेच करून दिली, हेही विसरता कामा नये. ज्या हाताने दुखविले त्याच हाताने पाटीवर अक्षरे गिरविण्यास शिकविले. माणसामाणसांतील हिशेब असे गुंतागुंतीचे असतात. जमेची बाजू वेगळी काढून नुसती नावेची बाजू वाचता येत नाही.

संसार फिरत फिरत नागपुरास आला. तेथे टिळक बुटी या धनिक घराण्याच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या कामात होते. १८९१ साली या दांपत्यास देवदत्त हा मुलगा झाला. १८९३ साली टिळक नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने चालले असता डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांस नव्या कराराची एक प्रत दिली. टिळक ती वाचू लागले आणि त्यांच्या मनात मोठे मंथन सुरू झाले. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळी लहानग्या दत्तूसह माहेरच्या माणसांत होत्या. त्या वर्षी राखेचा बुधवार २७ फेब्रुवारीस पडला होता. म्हणजे टिळकांच्या नव्या आयुष्यातला पहिला उपवासकाळ त्यांच्या पत्नीच्या आकांताचा काळ ठरला. त्यांस पश्चात्ताप आणि प्रार्थना यांचे चाळीस दिवस पाळावयाचे होते. तिला किती दिवस पाळावयाचे आहेत हे कोणासच ठाऊक नव्हते.

बाळहो, त्या काळी या घटनेचा अर्थ काय होता हे नीट समजून घ्या. टिळकांच्या श्रद्धेचा प्रश्न त्यांच्यापुरता प्रामाणिक होता, याविषयी कोणासही शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पत्नीच्या दृष्टीने पाहू जाता पती जिवंत असून घर मोडले होते. कपाळी कुंकू होते, पण सौभाग्यवतीचा मान कुटुंबात व समाजात डळमळला होता. पदरी तीन-चार वर्षांचे मूल. तिला विचारले नव्हते, तिची तयारी करून घेतली नव्हती. पतीला देव भेटला असेल. तिचे मात्र सर्वस्व हरवले होते. दुःखाने त्या वेड्यापिशा झाल्या. जिवाचे काही बरेवाईट करावे असेही विचार येऊन गेले. त्याच दिवसांत त्यांच्या दुःखाने कवितेचे रूप घेतले. जी बाई कधी शाळेत गेली नव्हती, तिच्यातली कवयित्री या आघाताने जागी झाली.

नातलगांनी त्यांस पंढरपुरास नेले. तेथे विठोबाच्या सावलीत त्या राहिल्या. जवळजवळ पाच वर्षे पतिपत्नी दुरावलेली होती. या पाच वर्षांत टिळक अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. ते पत्रे लिहीत, येऊन भेटत, वाट पाहत. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावयास हवी. धर्मांतरामुळे पती किंवा पत्नी एकत्र नांदण्यास तयार नसेल, तर ठराविक मुदतीनंतर न्यायालयातून विवाह रद्द करून घेण्याची व पुन्हा विवाह करण्याची मुभा १८६६ सालच्या एका कायद्याने धर्मांतर करणाऱ्यांस दिली होती. ती वाट टिळकांनी धरली नाही. ज्याने दुखविले आहे त्याने दार उघडे ठेवून थांबावे आणि दुसऱ्याच्या मनास घाई करू नये, हाही क्षमा मिळण्याचाच एक भाग आहे. आपण बहुधा उलट करतो. एकदा चुकलो म्हणतो, आणि समोरच्याने तत्काळ हसून हात पुढे केला नाही तर त्याच्यावरच रुष्ट होतो!

अखेरीस लक्ष्मीबाई नगर जिल्ह्यात पतीकडे आल्या. क्षमा केली आणि आल्या, असे एका वाक्यात सांगता आले असते तर ही कथा फार सोपी झाली असती. तसे झाले नाही. त्या आल्या त्या आपले सोवळे घेऊन आल्या. त्यांचा धर्म त्यांचा, पतीचा धर्म पतीचा. स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. टिळकांनी हे सर्व मान्य केले आणि पत्नीचे आचार सांभाळले जावे अशी व्यवस्था केली. दोन भिन्न मनांनी एका छपराखाली पुन्हा राहावयास लागणे, एवढेच पहिले पाऊल होते. आमच्या मते हेच पाऊल सर्वांत अवघड. मनातला राग पूर्ण गेल्यावर जवळ जाऊ, असे म्हणणारा माणूस कधीच जवळ जात नाही. आधी जवळ जावे. राग मागून हळूहळू जातो.

आता या कथेची दुसरी बाजू पाहू, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळीत बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतून आलेले होते. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानावा असे लक्ष्मीबाईंस लहानपणापासून शिकविले होते, तेच आता त्यांच्या पतीचे बंधुभगिनी होते. त्यांच्या घरी टिळक जेवत, आणि टिळकांची पत्नी मात्र त्यांच्या हातचे पाणी घेत नसे. हा अपमान त्या लोकांस समजत नव्हता काय? पिढ्यान्‌पिढ्या सोसलेला अपमान त्यांच्या नव्या घराच्या उंबरठ्यातही त्यांच्या मागोमाग आला होता. लक्ष्मीबाईंनी पतीस क्षमा केली, याचे आपण कौतुक करतो. परंतु त्या मंडळीतील साध्याभोळ्या बायाबापड्यांनी लक्ष्मीबाईंच्या सोवळ्यास जी क्षमा केली, तिचे कौतुक कोणी करावयाचे? त्यांनी या बाईंस आपल्यात वावरू दिले, आपला वेळ घेऊ दिला. क्षमा करणारा आपणच, असे ज्यास वाटत असते, त्याच्याकडे कोणीतरी आधीच क्षमेच्या दृष्टीने पाहत असते, ही गोष्ट उपवासकाळात विशेष स्मरणात ठेवण्यासारखी आहे.

लक्ष्मीबाईंच्या मनातील बदल कोणाच्या व्याख्यानाने झाला नाही. एके दिवशी त्या आपल्याशीच विचार करीत बसल्या असता जातिभेद ही देवाची करणी नसून माणसाची करणी आहे, हे त्यांस लख्ख दिसले. दिसले ते त्यांनी तत्काळ आचरणात आणले. कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आपली हरकत नाही, असे ठरविले. वडिलांच्या घरी मिठासही पाणी दाखविणाऱ्या घराण्यातील मुलीने हे करावे, यात केवढे धैर्य आहे! त्यानंतर १९०० साली त्यांनी राहुरी येथे बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागे फरफटत जाऊन नव्हे, तर आपल्या पायांनी, आपल्या वेळी.

तो काळ छप्पनच्या दुष्काळाचा. १८९९ व १९०० या वर्षांत दख्खनात तसेच आपल्या वऱ्हाडातही अन्नान्नदशा झाली होती. राहुरीस लक्ष्मीबाईंनी दुष्काळाने पोरकी झालेली मुले आपल्या घरी सांभाळली. ती कोणत्या जातीची हे आता विचारावयाचे नव्हते. पुढे नगरास प्लेगची साथ आली तेव्हा त्या रोग्यांच्या सेवेस गेल्या. ज्या हातांस शिवण्याची भीती शिकविली होती, तेच हात आता गळ्यात गाठी आलेल्या माणसांस पाणी पाजीत होते.

टिळक पतिपत्नीच्या घराचे दार नेहमी उघडे असे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात आपल्या कवितेने सर्वांस थक्क करणारा त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतील बालकवी, हा कोवळा मुलगा नगरास याच घरात मुलासारखा राहिला. हळव्या मनाच्या त्या मुलाचे रुसवेफुगवे लक्ष्मीबाईंनी आईच्या मायेने काढले.

म्हणून पतीचा स्वभाव बदलला होता काय? मुळीच नाही. टिळक तापटच राहिले, उदारच राहिले, अस्थिरच राहिले. १९१७ साली त्यांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि साताऱ्यास देवाचा दरबार या नावाने नवे कार्य आरंभिले. नियमित पगार गेला. घरखर्चाची चिंता पुन्हा लक्ष्मीबाईंच्याच माथी आली. वाद झाले, रुसवे झाले, पण पूर्वीसारखी ताटातूट पुन्हा झाली नाही. एकदा केलेली क्षमा पेटीत ठेवलेल्या दागिन्यासारखी नसते. ती रोज पहाटे विहिरीवरून आणावयाच्या पाण्यासारखी असते. कालचे पाणी आज पुरत नाही.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस वारले. त्यांच्या मागे एक मोठे काम अपुरे राहिले होते. ख्रिस्ताचे संपूर्ण चरित्र मराठी ओवीत गाण्याचा त्यांनी संकल्प केला होता. त्या ख्रिस्तायनाचे आरंभीचेच काही अध्याय त्यांच्या हातून झाले होते. लक्ष्मीबाईंनी ती लेखणी उचलली आणि पुढचे ६४ अध्याय लिहिले. जिला त्या धर्माने एकदा पोरके केले होते, तिनेच त्या धर्माच्या प्रभूचे चरित्र मराठीत पुरते करीत आणावे, याहून अधिक पूर्ण समेट तो कोणता? क्रुसावरून मारेकऱ्यांसाठी केलेली प्रार्थना ओवीत बसविताना त्या माउलीस आपले पंढरपूरचे दिवस आठवले असतील काय, असा विचार आमच्या मनात नेहमी येतो.

त्यांचे दुसरे कार्य त्याहूनही मोठे मानले जाते. देवदत्तास वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते; त्याने आईजवळ आठवणी मागितल्या. त्या आठवणी लिहिता लिहिता स्मृतिचित्रे हा ग्रंथ निर्माण झाला. त्याचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. मराठी भाषेतील उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते. आम्ही मोठ्या विद्यार्थ्यांस तो ग्रंथ अवश्य वाचावयास सांगू. त्यात पतीचे दोष झाकलेले नाहीत. त्याचा राग, त्याचे निघून जाणे, घरातली ओढाताण, सर्व काही जसेच्या तसे आहे. स्वतःची फजितीही तितक्याच मोकळेपणाने सांगितली आहे. पण वाचणाऱ्यास कोठेही विष लागत नाही. पानोपानी हसू येते, आणि हसता हसता डोळे भरतात.

हाच आमच्या मते या चरित्राचा सर्वांत मोठा धडा होय. क्षमा करणे म्हणजे विसरणे, असे लोक म्हणतात. लक्ष्मीबाई काहीच विसरल्या नाहीत. त्यांस सर्व आठवत होते. फक्त आठवणीतला काटा निघून गेला होता. काटा रुतलेला असताना त्या जागेस हात लावू देत नाही. तो निघाल्यावर आपण ती जागा दुसऱ्यास हसत दाखवू शकतो. तीच क्षमा पुरी झाल्याची खूण.

येथे एक इशारा देणेही आमचे कर्तव्य आहे. क्षमा म्हणजे अन्याय झाकणे नव्हे. कोणी तुम्हांस मारीत असेल, छळीत असेल, तर ते आईबापांस किंवा गुरुजनांस सांगितलेच पाहिजे. मुकाट्याने सोसणे ही क्षमा नव्हे. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षे आपले दुःख लपविले नाही आणि आपली अट सोडून पतीकडे गेल्याही नाहीत. खरे बोलून, खरे ऐकून, मग त्या जवळ आल्या. सत्यावाचून केलेला समेट कच्च्या विटांच्या भिंतीसारखा पहिल्या पावसातच ढासळतो.

लक्ष्मीबाई काही काळ कराचीसही राहिल्या आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकास त्यांनी देह ठेवला. त्या वर्षी राखेचा बुधवार २६ फेब्रुवारीस होता. उपवासकाळ सुरू होण्यास दोन दिवस असतानाच त्या गेल्या. त्यांचे चाळीस दिवस त्यांनी आयुष्यभर पाळून आधीच पुरे केले होते, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

आता आमच्या वाचकांस एवढेच विनवितो. या उपवासकाळात गोड जरूर सोडा. पण एक नावही मनात धरा. ज्याच्याशी तुमचा अबोला आहे ते नाव. ते शेजारच्या बाकावरच्या मित्राचे असेल, सख्ख्या भावाचे असेल, धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याचे असेल. पहिल्या आठवड्यात नुसता रामराम किंवा सलाम घाला. दुसऱ्या आठवड्यात वाटेत दोन शब्द बोला. आपलेही काही चुकले होते काय, हे तिसऱ्या आठवड्यात स्वतःस विचारा, आणि चुकले असेल तर जाऊन सांगा. समोरचा लगेच वळला नाही तर रागावू नका. लक्ष्मीबाईंस पाच वर्षे लागली होती. आणि आईबापहो, तुम्ही कोणाच्या घरचे पाणी पीत नाही, कोणाच्या लग्नास जात नाही, हे तुमची मुले पाहत असतात. त्यांस क्षमेचा धडा शाळेत देण्याचे आम्ही करू. पण तो धडा खरा की खोटा, हे ती घरी जाऊन पडताळून पाहणार आहेत.

ईस्टरच्या सकाळी मंडळीच्या दाराशी दोन माणसे जरी बाकाची टोके सोडून मध्यभागी सरकून बसलेली दिसली, तरी हे चरित्र सांगण्याचे आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.